देवघरातली सांध्यांची पावडर

लातुरात मी ज्या काका-काकूंच्या घरी वरची खोली भाड्यानं घेऊन राहते, त्या घराला व्हरांड्यातून अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्या पायऱ्या घरातल्या कुत्र्याला जड जायला लागल्या. फिकट पिवळा, रुंद पाठीचा लॅब्रॅडॉर. त्यांच्या मुलानं कॉलेजात असताना पिल्लू म्हणून आणला, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तिकडंच लग्न करून राहिला, आणि कुत्रा काकूंकडं उरला. आता म्हातारा झालाय. पुढचे पाय पायरीवर टाकायचा, मागचे यायला तयार नसायचे, मग तसाच तिरका उभा राहून काकूंकडं बघायचा. नाहीच जमलं तर व्हरांड्यातच उरकायचा.

काकांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत आहे. पोती उचलणाऱ्यांवर आयुष्यभर ओरडण्यात त्यांची स्वतःची कंबर कशी गेली ते त्यांनाच ठाऊक, पण गेलीय. कुत्र्याला उचलून खाली न्यायचं काम त्यांच्याकडं आलं. एका सकाळी व्हरांड्यात बादलीभर पाणी ओतता ओतता ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघायचं. स्वतःच्या पायानं खाली उतरला तर इथं ऱ्हाईल. न्हाई तर सोयाबीनचा टेम्पो येतो शेतावरून, त्याच टेम्पोत निलंग्याकडं धाडायचा. तिथं पायऱ्या न्हाईत."

"तिथं कोण हाय त्याला?" काकू आतून म्हणाल्या.

"सालगडी हाय."

"त्याला कानडी येतं का?"

"तुझ्यापेक्षा चांगलं येतं."

काकूंचं माहेर बिदरच्या बाजूचं. आमच्याशी त्या मराठी बोलतात, कुत्र्याशी कानडी. ‘बा इल्ली’ म्हटलं की तो येतो. मी ‘इकडं ये’ म्हटलं तर एक कान हलवतो आणि तेवढ्यावर भागवतो. काका मोंढ्यात गेले की संध्याकाळपर्यंत घरात हे दोघंच. त्या दिवशी मी नळाला पाणी भरत होते, तेव्हा काकू माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "ह्यो गेला तर मी दिवसभर बोलू कुणासंगं, सांग बरं."

जूनच्या सुरुवातीला मुलानं पुण्याहून एक डबा पाठवला. पांढरा, जाड झाकणाचा, वर धावणाऱ्या कुत्र्याचं चित्र. सांध्यांसाठीची पावडर. काकूंनी तो माझ्यापुढं धरला. "तू एवढी शिकलीस, वाच की काय लिवलंय."

याचं मला काही नवल नव्हतं. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. गाव मुखेड तालुक्यात. बारावी तिथं, मग नांदेडला बी.एस्सी. आणि प्राणीशास्त्रात एम.एस्सी. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. घरातल्या पहिल्या पदवीधराला एक काम न मागता मिळतं, ते म्हणजे वाचून दाखवायचं. फवारणीची बाटली, खताचं पोतं, बापाच्या बीपीच्या गोळ्या, सोसायटीची नोटीस, सगळं माझ्यासमोर येऊन पडायचं. चुलते तर लग्नपत्रिकासुद्धा वाचायला आणायचे, स्वतःला वाचता येत असून. तेव्हा कुत्र्याचा डबाही आला.

मी वाचून दाखवलं. ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, हळदीचा अर्क, आणखी दोन-तीन नावं. काकूंनी मान हलवली. हळद तेवढी ओळखीची निघाली म्हणून त्यांचं समाधान झालं. डबा त्यांनी नेला तो थेट देवघराच्या कट्ट्यावर, विभूतीच्या डबीशेजारी ठेवला. घर लिंगायतांचं. काकू रोज आंघोळ करून, तळहातावर लिंग घेऊन पूजा करतात, मगच पाण्याचा घोट घेतात. देवघरातली वस्तू त्या कधी विसरत नाहीत, म्हणून औषध तिथं. पूजा झाली की त्याच हातानं चमचाभर पावडर, आणि ती नुसती थोडीच देणार. मलिद्यात. पोळी चुरायची, गूळ, वरून तूप, मधे पावडर, लाडू वळायचा आणि ‘ऊटा माड’, जेव, म्हणून पुढं करायचा. कुत्रा सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून खायचा.

मी इथं एका शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं, अख्ख्या मराठवाड्यातून आलेली. त्या आठवड्यात मी जैवरेणू घेत होते. फळ्यावर ‘कायटिन’ लिहिलं आणि दर वर्षी सांगते तसं सांगायला लागले: कीटकांचं, कोळंबीचं, खेकड्याचं बाहेरचं कवच कायटिनचं असतं, आणि कायटिन म्हणजे एन-असिटिल ग्लुकोसामाइनची लांबलचक साखळी.

आणि थांबले. खडू तसाच फळ्यावर.

ग्लुकोसामाइन. काकूंच्या देवघरात, विभूतीच्या डबीशेजारी, खेकड्याची पाठ ठेवलेली होती.

पुढच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "मॅडम, काय झालं?" मला हसू आवरेना. दर वर्षी मी हा शब्द परीक्षेसाठी शिकवते आणि तो पहिल्यांदाच परीक्षेबाहेर कुठंतरी भेटला होता. तास संपेपर्यंत माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

संध्याकाळपासून मी वाचायला बसले. कुत्र्यांच्या सांध्यांवर, सप्लिमेंटवर, जे जे फुकट वाचायला मिळेल ते. लेखांचे सारांश, जिथं पूर्ण लेख मिळाला तिथं पूर्ण. एम.एस्सी.ला असताना शोधनिबंध वाचले होते ते गुणांसाठी. आता खाली व्हरांड्यात एक जीव तिरका उभा होता, आणि मी वाचते त्यातल्या कुठल्या वाक्यानं तो उतरेल हे शोधत होते. वाचनाचा असा सपाटा मी परीक्षेतही लावला नव्हता. आधी हे कळलं की बाजारात ग्लुकोसामाइन बहुतेक कोळंबी-खेकड्याच्या कवचातूनच काढतात, क्वचित मक्यापासूनही करतात. डब्यावर ते लिहिलेलंच नसतं. कॉन्ड्रॉइटिन जनावराच्या कूर्चेतून येतं. कोणत्या जनावराच्या, हेही डब्यावर नव्हतं, आणि मी अंदाज करायला गेले नाही.

त्याहून मजेची गोष्ट पुढं होती. ज्या दोन नावांवर हे डबे खपतात, त्यांचा पुरावा डळमळीत निघाला. एका चाचणीत थोडा गुण, दुसरीत काहीच नाही. हळद काचेच्या नळीत सूज उतरवते, पण पोटातून रक्तात फार थोडी जाते. माशाच्या तेलातल्या ओमेगा-थ्रीचं पारडं जरा जड, त्याच्या बाजूनं चांगल्या चाचण्या आहेत. आणि सगळ्यात भक्कम पुरावा ज्या गोष्टीचा, ती कुठल्याच डब्यात मिळत नाही: जाड कुत्र्याचं वजन कमी करणं. हे मी वाचलं, आणि खरं सांगायचं तर वाचून पुढं गेले. मला डब्यातल्या गोष्टींत गोडी लागली होती.

बापाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "कुत्र्यावर अभ्यास करून राहिलीस? मग पोरान्ला कोण शिकवून राहिलंय?"

"दोन्ही करून राहिले."

"कर बापा. तुझ्या आयला सांगतो, पोरगी कुत्र्याची डॉक्टर झाली म्हणून. लई खूश होईल."

आता काकूंना सांगायचं. खोली घेताना मला एकच अट होती: वर अंडं-मटण शिजवायचं नाही. मी हो म्हटलं होतं आणि पाळत आले. सुकटीची आठवण आली की गावाकडं जाते. आमचं घर बौद्धांचं, आमच्याकडं शनिवार-सोमवार असलं काही नसतं. तर सुकट खाणारीनंच सुकट न खाणारीला सांगायचं की बाई, तुझ्या देवघरात खेकडा आहे. पण मला गोष्ट पोटात ठेवता येत नाही. रविवारी काका घरी होते, दोघं चहा पीत होते, मी खाली जाऊन सरळ सांगून टाकलं.

काकूंनी कप खाली ठेवला. उठल्या, डबा उचलला, जिन्याखालच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. देवघराचा कट्टा पुसला, परत पुसला. मग येऊन बसल्या.

"आता द्यायचं बंद का?" काकांनी विचारलं.

"बंद कशाला? त्याच्या गळ्यात कुठं लिंग हाय? त्याला काय बी चालतंय. फक्त देवापाशी नको."

"आन् खेकडा खाऊन खेकड्यागत आडवं चालायला लागला म्हंजी?"

"आत्ता कुठं सरळ चालतोय."

काका हसले, पण मग त्यांनी व्यापाऱ्याचा प्रश्न केला. "बाई, मला एक सांग. याचा उपयोग हाय का? उपयोग असंल तर ठिवू. नसंल तर उगं घर कशाला बाटवायचं?"

तो शब्द माझ्या आजोबांनी त्यांच्या काळात पुष्कळ ऐकला होता. मी तो ऐकून घेत नाही. "बाटवायचं म्हणू नका, काका. तपासायचं म्हणा."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना समजलं. "बरं," ते म्हणाले, "तपासायचं. कसं तपासतीस?"

तेव्हा घरात दोन पक्ष होते. काकू म्हणायच्या गुण आहे, परवा शेपटी कशी हलवली. काका म्हणायचे शेपटी तो तूप बघून हलवतो. दोघं एकाच कुत्र्याकडं बघत होते. आणि मी नुकतंच वाचलं होतं की चाचण्यांमध्ये नुसतं पीठ दिलेल्या कुत्र्यांच्या मालकांनाही गुण दिसतो. कुत्रा तसाच लंगडत असतो, मालक मनापासून सांगतो की बरंच बरं आहे. खोटं बोलत नाही कुणी. आशाच तशी दिसते. म्हणून चांगल्या चाचणीत देणाऱ्यालाही कळू द्यायचं नसतं की आपण काय देतोय.

मी म्हटलं, आपण हेच करू. आषाढ आणि श्रावण. स्टीलचे दोन सारखे डबे. एकात पावडर, दुसऱ्यात फुटाण्याचं पीठ, रंग जुळावा म्हणून किंचित हळद. आषाढात एक, श्रावणात दुसरा. भरायचे कुणी? मी नाही, कारण माझ्या तोंडावर दिसेल. माझ्याच वर्गात भौतिकशास्त्र शिकवणारी एक मैत्रीण आहे, तोंडानं फटकळ, पण गुपिताला पक्की. तिनं आपल्या घरी नेऊन डबे भरले, आणून दिले आणि म्हणाली, "एकाच्या आत खेकडा आहे, एवढंच सांगते. तुझ्या कुत्र्यापायी माझी पदवी पणाला लागली."

मला रात्री झोप येईना अशी गत झाली होती. एम.एस्सी.चा प्रकल्प मी दुसऱ्यानं केलेला बघून केला होता. हा माझा पहिला खरा प्रयोग, व्हरांड्यातला. काकूंनी फक्त एक शंका काढली: "श्रावणात खेकड्याचा आला तर?"

"मलाबी माहीत नाही काकू. तेच तर आहे त्यात."

"देवाला माहीत असंल की."

"मग तो बघून घेईल."

त्या हसल्या. श्रावणात पोथी लावणारी बाई, आणि तिनं माझ्या शब्दावर दोन बंद डबे घरात घेतले. हे मी विसरणार नाही.

आषाढ संपता संपता काकूंचा निकाल आला, तो वरपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात. ह्याच डब्यात औषध. डोळ्यांत तेज आलंय, अंगावर तजेला आलाय, पहिली पायरी उतरायला बघतो. काकाही जरा डळमळले. "हाय खरं थोडा फरक," म्हणाले. श्रावणात दुसरा डबा लागला आणि काकूंचा चेहरा उतरत गेला. गुण गेला म्हणाल्या. आता तर उठतानाच कण्हतो. मध्येच एकदा म्हणाल्या, "पहिलाच डबा दे की परत, कशाला त्याचे हाल?" मी महिना पुरा होईपर्यंत हट्टानं थांबले.

पोळ्याच्या दिवशी मैत्रीण आली. काकूंनी तिला पुरणपोळी वाढली. तिनं निवांत खाल्ली, हात धुतला, आणि सांगितलं: आषाढातला डबा फुटाण्याच्या पिठाचा होता.

काकू तिच्याकडं बघतच राहिल्या. "पिठाचा?"

"पिठाचा."

"म्हंजी तेज पिठानं आलं?"

"तेज तुमच्या डोळ्यांत आलं, काकू," मी म्हटलं.

"आन् श्रावणात मी..." त्यांनी कपाळाला हात लावला. काका एवढे हसले की त्यांच्या कंबरेत चमक भरली.

मी मात्र नाचायच्या बेतात होते. पुस्तकात वाचलेली गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर, आमच्या व्हरांड्यात, घडली होती. पण नाचता नाचता एक गोष्ट आडवी आली. श्रावणात कुत्रा कण्हत होता, हे तर मीही पाहिलं होतं. पावडरीनं गुण येत नाही इथवर ठीक, पण पावडरीनं बिघडेल कसा? काहीतरी तिसरं होतं, जे दोन्ही महिने चालू होतं आणि मी मोजलं नव्हतं.

उन्हाळ्यात त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवलं होतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी वजन करून कागदावर लिहिलं होतं. वजन कमी करा असंही ते म्हणाले होते, आणि सगळ्यांनी मान हलवली होती. मी काकांना म्हटलं, याचं पुन्हा वजन करू. घरातला काटा पुरत नव्हता. "मोंढ्यात चल," काका म्हणाले. "तिथं काय बी मोजतो आपण."

रिक्षात घालून नेला. आडतीवर तुरीची पोती बाजूला सरकवून त्याला काट्यावर उभा केला. हमाल गोळा झाले.

"शेठ, ह्याचा भाव काय काढला?"

"ओलावा किती धरला, शेठ?"

"खाली बसूं नगं म्हणावं, काटा मोडंल."

काका काट्याकडं बघत होते. त्यांनी आकडा माझ्या हातातल्या कागदाशी ताडून पाहिला आणि त्यांचं हसू थांबलं. उन्हाळ्यापेक्षा चांगलाच वाढला होता. "खुराक तर तेवढाच हाय याचा," ते म्हणाले. मग स्वतःच हळूच म्हणाले, "मलिदा."

मलिदा. सकाळी एक लाडू, संध्याकाळी एक. पीठ असो की पावडर, दोन्ही मलिद्यातूनच गेलं. श्रावणात काकूंना वाटलं गुण जातोय, म्हणून लाडू मोठा झाला, तूप वाढलं. पाय दुखतात म्हणून औषध, औषधासाठी मलिदा, मलिद्यानं वजन, वजनानं पाय. आमच्या भागात कुणी आजारी पडलं की पहिलं काम खाऊ घालायचं. माझी आईही तेच करते. बाळंतीण असो, परीक्षेला बसलेली पोरगी असो, की लंगडा कुत्रा. एवढे शोधनिबंध वाचून मी तो लाडू रोज डोळ्यांनी बघत होते आणि मला तो दिसला नव्हता. औषधाचा लाडू, म्हणून खाणं म्हणून मोजलाच नाही.

संध्याकाळी डॉक्टरांकडं गेलो. तरुण आहेत, दिवसभर म्हशी आणि शेळ्यांच्या गर्दीत असतात. माझ्या डब्यांची गोष्ट त्यांनी खुर्ची पुढं ओढून ऐकली. मग त्यांनी किती आणि काय खायला द्यायचं ते ठरवून दिलं, दुखण्याची गोळी गरजेपुरती लिहिली, आणि काकांना बजावलं, "तुमच्या कंबरेची गोळी याला चुकूनही द्यायची नाही. माणसाच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटाची नि मूत्रपिंडाची वाट लागते." काकांनी दुसरीकडं बघितलं. त्यांच्या मनात ते येऊन गेलं असावं.

मी ओमेगा-थ्रीचं विचारलं. "चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले, "पण माशाचं तेल यांच्या घरात?"

तेव्हा मला सांगता आलं, जे मी दोन दिवसांपूर्वीच वाचलं होतं आणि वाचून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. मासा ते तेल स्वतः तयार करतच नाही. समुद्रातलं शेवाळ तयार करतं. शेवाळ बारके जीव खातात, त्यांना मासे खातात, आणि तेल माशात साठतं. मग मधला मासा गाळला तर? शेवाळाचं तेल मिळतं. शुद्ध शाकाहारी. माशाच्या तेलाइतक्या चाचण्या त्याच्यावर झालेल्या नाहीत, हेही मी सांगितलं, कारण ते सांगायलाच हवं. डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिली.

काका रिक्षात म्हणाले, "शेवाळ तर आपल्या विहिरीतबी हाय."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? हिरवंच हाय."

काकूंना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्या ओट्याशी उभ्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी मीच त्याचे पाय मोडले."

"मोडले नाहीत. सांधे वयानं झिजलेत. वजनानं भर पडली."

"गोड बोलू नको. तू कधी गोड बोलत न्हाईस."

"मग ऐका. मलिदा बंद केला नाही तर तो दिवाळीला टेम्पोत बसणार."

त्यांनी गॅस बंद केला. "आन् मी जेवायला बसले की तो समोर येऊन बसतो, त्याला घास न देता मी गिळू कसं? दारातनं कुणी उपाशी जाऊ ने म्हणत्यात आमच्यात. ह्यो तर घरातला." 

याचं उत्तर कुठल्याच लेखात नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून ते काढलं. घास द्यायचा, पण काकडीचा. पहिल्या दिवशी कुत्र्यानं काकडीची चकती तोंडात घेतली, चावली, आणि काकूंच्या पायाशी ठेवून दिली. काकू पदरात तोंड घालून हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात खायला लागला. गाजरही. मात्र काकूंनी त्या दिवसापासून स्वतःच्या पोळीवर तूप घेणं बंद केलं. तो बघत असताना मी कशी खाऊ, म्हणाल्या. काकांचंही बंद झालं, त्यांना न विचारता.

गणपती गेले, दसरा झाला. दर रविवारी मोंढ्यात काटा. हमालांना त्याची एवढी सवय झाली की एका रविवारी आम्ही गेलो नाही तर त्यांनी काकांना विचारलं, माल का आला नाही म्हणून. वजन उतरत होतं. हळूहळू, पण उतरत होतं. उठताना कण्हणं कमी झालं. मी फोनवर चित्रण करून ठेवत होते, कारण आता मला काकूंच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता आणि स्वतःच्या तर त्याहून नाही. जुनं आणि नवं चित्रण मैत्रिणीला तारीख न सांगता दाखवलं. तिनं बरोबर ओळखलं. मी वर्गातून बाहेर येऊन जिन्यात एकटीच हसले.

पायऱ्या मात्र तो उतरत नव्हता. काठाशी यायचा, वास घ्यायचा, वळून जायचा. चालायला लागला होता, पण पायरीची भीती बसली होती. भीतीवर मी काही वाचलं नव्हतं.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. मोंढ्यात सोयाबीन उतरवून ड्रायव्हर घरी आला होता. त्याला आधीच निरोप होता. त्यानं मागं पोतं अंथरलं होतं. "शेठ, कुठाय कुत्रं?" तो म्हणाला.

काकू आत होत्या. बाहेर आल्या नाहीत. काका व्हरांड्यात खुर्चीवर. मी जिन्यात उभी. मला बोलायचं होतं, की वजन उतरतंय, अजून थोडे दिवस द्या, पण काकांनी दिवाळी म्हटली होती आणि मीही त्यांच्यापुढं तेव्हा मान हलवली होती.

टेम्पोचं इंजिन चालूच होतं. आतून कुत्रा आला. त्यानं नाक वर केलं. शेतावरून आलेली गाडी, चाकाला ओली माती, शेण, अजून कुणाकुणाचे वास. तो काठाशी गेला. थांबला. पुढचे पाय पहिल्या पायरीवर टाकले.

ड्रायव्हर त्याला चुचकारायला पुढं झाला. काकांनी हात वर करून त्याला जागेवर थांबवलं.

मागचे पाय आले. दुसरी पायरी तो घसरल्यासारखा उतरला, तिसरीवर जरा रेंगाळला. मग अंगणात. कुणाकडंही न बघता टेम्पोपर्यंत गेला, मागचं चाक नीट हुंगलं, आणि पाय वर करून, तोल सांभाळून, त्यावर मुतला.

ड्रायव्हर म्हणाला, "हात्तिच्या."

काकू दारात आल्या होत्या. त्यांचा हात चौकटीवर होता.

काका खुर्चीवरून उठले. "पोतं काढ," ड्रायव्हरला म्हणाले. "आन् रिकामा जाऊ नको. मोंढ्यातनं पेंड भरून घेऊन जा."

मग माझ्याकडं वळले. "कशानं झालं हे, सांग आता. काकडीनं का शेवाळानं?"

"सांगता येत नाही."

"एवढी शिकून?"

"शिकले म्हणूनच सांगता येत नाही. वजन उतरलं, तेल चालू होतं, गोळी होती, चाकाला वास होता. एका कुत्र्यावरून कळत नसतं, काका. पैज लावायची तर मी वजनावर लावीन."

"माझी वासावर," काका म्हणाले.

टेम्पो गेला. कुत्रा अंगणातून फिरून पायऱ्यांशी आला, वर बघितलं, आणि तिथंच बसला.

"आता ह्याला वर कोण चढवणार?" काकू म्हणाल्या.

"उतरायचं ठरलं होतं," काका म्हणाले. "चढायचं काय ठरलं न्हवतं." आणि कंबरेवर एक हात ठेवून ते पायऱ्या उतरले, त्याच्या मागं जाऊन उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याशी कानडीत बोलले.